कात कढवायचा, तर भांडे केवढे?

सावर्डे (जि. रत्नागिरी) - विड्याला लाली येते ती चुना आणि कात यांच्या संयोगाने. चुना कुठेही मिळतो. कात मात्र खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळून काढावा लागतो. मुंबई-गोवा महामार्गावरील चिपळूण तालुक्यातले सावर्डे या उद्योगासाठी ओळखले जाते. या धंद्याचे बरेचसे गणित एका साध्या प्रश्नाभोवती फिरते : उकळण्याचे भांडे केवढे घ्यायचे?

किती कात हवा, त्यावरून भांडे निवडावे, असे सहज वाटते. प्रत्यक्षात भांडे ठरते ते सुरुवातीला त्यात काय काय मावायला हवे, यावरून. समजा, ५० किलो ढलप्या आणि २०० लिटर पाणी एका वेळी चढवायचे आहे. खैराचे लाकूड जड असते, त्यामुळे ५० किलो ढलप्या साधारण ५० लिटर जागा घेतात. म्हणजे भांड्यात २५० लिटर झाले. उकळी फुटली की फेस वर येतो. त्यासाठी एक तृतीयांश भाग मोकळा ठेवला, तर भांडे पावणेचारशे लिटरचे लागते. परदेशांत घरी बिअर करणारे हौशी लोकही हाच हिशेब मांडतात. १९ लिटर बिअरसाठी ते ३० ते ३८ लिटरचे पातेले घेतात. कारण उकळताना आटणारे पाणी आधी जास्तीचे घालावे लागते आणि फेसही उतू जाता कामा नये. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, हे अशा हौशी वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

कातामध्ये मात्र एका भांड्याने भागत नाही. पहिल्या भांड्यात ढलप्यांचा अर्क उतरवायचा असतो. तेथे लाकूड बुडालेले राहावे आणि वाफ फुकट जाऊ नये, म्हणून भांडे खोल आणि झाकणाचे असलेले बरे. दुसऱ्या भांड्यात गाळलेला अर्क आटवायचा असतो. तेथे उलट हवे, गुऱ्हाळातल्या काहिलीसारखे पसरट. ६० सेंटिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच खोलीच्या भांड्यात १७० लिटर मावतात. तेवढाच अर्क ९० सेंटिमीटर व्यासाच्या कढईत ओतला, तर तो जेमतेम २७ सेंटिमीटर उंचीवर राहतो आणि आच घेणारा तळ सव्वादोन पट होतो. भट्टी तेवढी रुंद असेल, तर आटवणे लवकर उरकते.

लवकर उरकण्याला येथे महत्त्व आहे. विड्याचा रंग आणि कस ज्यावर अवलंबून असतो, ते कॅटेचिन गरम पाण्यात विरघळते आणि थंड पाण्यात त्याचे बारीक स्फटिक होऊन खाली बसते. पण तासन् तास कडक आचेवर ठेवले की ते बिघडते आणि स्फटिक कमी मिळतात. म्हणूनच मोठ्या कारखान्यांत हवेचा दाब कमी करून आटवण्याची यंत्रे वापरतात. दाब पाचव्या हिश्शावर आणला की पाणी ६० अंशांच्या आसपासच उकळते.

मग मोठ्यात मोठी कढई का घेऊ नये? अर्क आटून पाचव्या हिश्शावर आला की त्याची पातळी जाळाच्या रेषेखाली जाते. कडेला चिकटलेला राप करपतो, आणि त्याची चव पुढच्या घाण्यातही उतरते. काताच्या व्यवसायावरून ज्यांना नाव मिळाले, त्या कातकऱ्यांची जुनी रीत या दृष्टीने शहाणपणाची होती : रांगेने मांडलेली मातीची लहान मडकी, आणि आटत आलेला अर्क एकत्र करत जाणे. ब्रिटिश राजवटीत जंगलांवर निर्बंध आले आणि हा व्यवसाय त्यांच्या हातून गेला.

मातीचे मडके निवडण्याला आणखी एक कारण होते. खैरातील टॅनिनचा लोखंडाशी संयोग झाला की अर्क काळपट पडतो, आणि काळ्या काताला विड्यात कोण विचारतो? भांडे केवढेही असो, ते तांब्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे हवे.

खरा खर्च भांड्याचा नसून पाण्याचा आहे. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. उघड्या भट्टीत सरपणाची पाचवा हिस्सा उष्णता जरी कामी आली, तरी प्रत्येक लिटर पाण्यामागे जवळपास किलोभर लाकूड जळते. वरच्या उदाहरणात दोन वेळच्या उकळीचा मिळून ३०० लिटर अर्क ६० लिटरवर आणायचा, तर २०० किलोंहून अधिक सरपण लागेल. ढलप्या होत्या ५० किलो! म्हणून दुसऱ्या उकळीचे फिके पाणी आटवायला न घेता पुढच्या ताज्या ढलप्यांवर घालणे फायद्याचे. तेवढ्याने आटवण्याची कढईही लहान पुरते.

खैराचा गाभा भरायला अनेक वर्षे जावी लागतात, आणि १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यानुसार खासगी मालकीच्या जमिनीतला खैर तोडायलाही परवानगी लागते. अशा लाकडातला कात करपवून वाया घालवणे कोणालाच परवडणारे नाही.

आटवलेला अर्क थंड जागी काही दिवस ठेवला की कात बसतो. तो दाबून, वड्या पाडून सावलीत वाळवतात. उरलेले गडद पाणी टाकून देत नाहीत. ते आणखी आटवले की कच मिळतो. त्याला वेगळे, लहान भांडे पुरते, आणि रंग काळा झाला तरी चालतो. चामडे कमावण्यासाठी कच वापरला जातो; नायलॉन येण्यापूर्वी मासेमारीची सुती जाळी टिकावीत म्हणूनही ती त्यात बुडवीत असत.