कणगी बदला, पण धान्य सांभाळा

जव्हार-मोखाड्याच्या घरात कणगीचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बांबूची कणगी शेणमातीने लिंपून तिच्यात भात, नागली, वरई भरून ठेवली, की पावसाळ्याची काळजी निम्मी कमी होते. उंदराने कणगीला भोक पाडले किंवा तळाला ओल लागली, तर घरची बाई आधी धान्य बाहेर काढते आणि मग कणगीचा विचार करते. बियाणे तर ती पहिल्यापासूनच वेगळे ठेवते. घरात कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावत नाही.

आता आपल्या पाड्यांवर आणखी एका प्रकारची कणगी आली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, कारण संगणकाच्या डब्यात आत बसवलेली असते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. बचत गटाचा हिशेब, मोगऱ्याच्या विक्रीच्या नोंदी, वनपट्ट्याच्या दाव्याचे कागद, मुलांचे दाखले, लग्नातले फोटो असे सारे हल्ली तिच्यात साठवले जाते. ही कणगीसुद्धा झिजते आणि एक दिवस फुटते. ती कधी व कशी बदलावी आणि बदलताना आतले धान्य कसे सांभाळावे, हे शेतकरी कुटुंबाने माहीत करून घेतले पाहिजे.

जे दुसरीकडे कोठेच नाही

काही जण म्हणतील, ‘कागद तर सरकारकडे असतातच, मग भीती कशाची?’ हे अर्धेच खरे आहे. सातबारा सरकारच्या संगणकावर आहे. २०१८ पासून तो डिजिटल सहीसह घरबसल्या काढता येतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीही मोबाइलवरून होते. आपल्या घरचा संगणक बंद पडला म्हणून सातबारा जात नाही.

परंतु गटातल्या कोणत्या बाईने किती हप्ते भरले, दादरच्या बाजारात कोणत्या दिवशी किती मोगरा गेला आणि किती पैसे आले, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना कोणते पुरावे जोडले, पाड्यातल्या वडीलधाऱ्यांचे कोणते जबाब घेतले, याची नीट लावलेली प्रत बहुधा आपल्यापाशीच असते. ती गेली तर पुन्हा कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. वडीलधारा माणूस तोपर्यंत हयात राहिला नाही, तर काही गोष्टी पुन्हा मिळतही नाहीत.

मोखाडा तालुक्यातील एका महिला गटाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. गटाने जुना संगणक घेतला होता आणि तीन वर्षांचा बचत-कर्जाचा हिशेब त्यात ठेवला होता. भर श्रावणात, वीज चार वेळा येऊन गेल्यावर, संगणक सुरू होईना. आतून टकटक असा आवाज येऊ लागला. बैठकीत एका म्हाताऱ्या बाईने विचारले, “पोरी, मग मी भरलेले पैसे पण गेले का?” पैसे बँकेतच होते, पण कोणाचे किती हे सांगणारी नोंद गेली होती. दोन बायकांत हप्त्यावरून शब्दाला शब्द लागला आणि गट मोडतो की काय, अशी वेळ आली.

गट मोडला नाही, कारण हिशेब लिहिणाऱ्या मुलीने अक्षय तृतीयेच्या सुमारास सर्व नोंदींची एक नक्कल पेन ड्राइव्हवर घेऊन घरच्या पेटीत ठेवली होती. मधल्या तीन महिन्यांचा हिशेब प्रत्येकीच्या वहीवरून जुळवून काढला. नवी डिस्क त्याच मुलीने, आयटीआयला शिकणाऱ्या भावाच्या मदतीने, अर्ध्या दिवसात बसवली. डिस्क बाजारात विकत मिळाली, पण नोंदी वाचल्या त्या नकलेमुळे.

ही डिस्क असते तरी काय?

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत, चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. तबकडीवर एक बारीक टोक फिरते आणि चुंबकाच्या साहाय्याने नोंद लिहिते व वाचते. हे टोक तबकडीला टेकत नाही, पण दोघांमधले अंतर इतके सूक्ष्म असते की धुळीचा कण किंवा धुराची काजळीही त्यापुढे धोंड्यासारखी ठरते. म्हणून डिस्कची डबी कधीही उघडू नये. घरी उघडलेली डिस्क बहुधा कायमची जाते.

अशी पहिली डिस्क अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि वजन सुमारे टनभर होते. एवढ्या धुडात ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेल्या एका चांगल्या फोटोला जवळपास तेवढीच जागा लागते.

नव्या पद्धतीच्या डिस्कला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारा भाग नसतो. त्यामुळे घाटरस्त्याने जीपमधून आणताना बसणाऱ्या धक्क्यांना ती सहज दाद देत नाही आणि जुना, रेंगाळणारा संगणकही तिच्यामुळे चांगला चपळ होतो. मात्र तीही अमर नाही. ती कोणतीही सूचना न देता एकाएकी बंद पडू शकते. वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवली, तर तिच्यातील नोंदी पुसट होण्याची भीती असते.

खेड्यात संगणक आणण्यापेक्षा तो टिकवणे अवघड, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १९९८ साली वारणानगर परिसरातील ७० गावांत ऊस उत्पादकांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. पुढे २००६-०७ च्या सुमारास तेथील काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशावर तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला, कारण संगणकांची देखभाल आणि वीज यांचा भार जड जात होता. वारण्यासारख्या सधन भागात ही गोष्ट, तर आपल्या डोंगराळ तालुक्यांनी दुप्पट दक्षता घ्यावी.

दुखणे कसे ओळखावे?

बैल आजारी पडण्याआधी चारा सोडतो, तशी डिस्कही बहुतेक वेळा खुणा देते. संगणक सुरू व्हायला फार वेळ लागणे, काम करताना मध्येच गोठणे, एखादी फाइल उघडताना वारंवार अडणे, आतून टकटक किंवा खरखर येणे आणि कधीकधी डिस्क सापडत नाही असा संदेश दिसणे, या त्या खुणा होत.

नुसता मंदपणा असेल तर त्याच दिवशी सर्व महत्त्वाच्या नोंदींची नक्कल काढावी. टकटक सुरू झाली असेल तर मात्र संगणक ताबडतोब बंद करावा. “अजून एकदा चालू करून बघू” असे करत राहिले, की उरलेसुरले धान्यही मातीत जाते. नक्कल नसेल आणि नोंद मोलाची असेल, तर शहरातील जाणकार प्रयोगशाळेकडेच डिस्क न्यावी. तेथील खर्च मोठा असतो, म्हणून आधी अंदाज विचारावा.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्रामपंचायतीचा, शाळेचा किंवा कचेरीचा संगणक आपण होऊन उघडू नये, संबंधितांना लेखी कळवावे. स्वतःच्या संगणकाची हमीची मुदत चालू असेल तर तोही आधी दुकानदाराकडेच न्यावा.

खरेदी करताना

जुनी डिस्क कोणत्या मापाची आहे ते पाहूनच बाजारात जावे. टेबलावरच्या संगणकातील तबकड्यांची डिस्क साडेतीन इंची असते आणि लॅपटॉपमधील अडीच इंची. अडीच इंची ‘साटा’ जोडणीची एसएसडी बहुतेक जुन्या संगणकांत आणि लॅपटॉपमध्ये चालते. मोठ्या डब्यात ती घट्ट बसावी म्हणून एक पत्र्याची चौकट मिळते, ती मागून घ्यावी. नव्या लॅपटॉपमध्ये पट्टीसारखी ‘एम-डॉट-टू’ डिस्क असते आणि तिच्यातही प्रकार आहेत. म्हणून आतला भाग मोबाइलवर फोटो काढून दुकानदाराला दाखवावा.

हिशेब, कागद आणि थोडे फोटो एवढेच काम असेल तर २५६ जीबीची डिस्क पुरते. दोन दुकानांत भाव विचारावा, पक्के बिल घ्यावे आणि हमीचा कागद जपून ठेवावा. वापरलेली डिस्क स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. दुसऱ्याची फुटकी कणगी आणण्यासारखेच ते आहे.

बदलण्याचे काम

कामाला दिवसाचा उजेड, कोरडे टेबल, फुलीच्या टोकाचा डिसमिस आणि स्क्रू ठेवायला एक वाटी, एवढे साहित्य पुरे. चुलीजवळ किंवा नागली पाखडत असलेल्या अंगणात हे काम करू नये.

आधी संगणक बंद करून तार भिंतीतून काढावी. लॅपटॉपची बॅटरी सुटी होत असेल तर ती काढावी. नंतर सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत नायलॉनच्या कपड्यांवर बारीक वीज साठते आणि ती नाजूक भागांना मारक ठरते. यासाठी सुती कपडे घालावेत आणि डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावूनच काम सुरू करावे.

डब्याच्या एका बाजूचा पत्रा मागच्या दोन स्क्रूंवर असतो. तो काढल्यावर आतला एक फोटो घ्यावा. पुन्हा जोडताना त्याचा उपयोग होतो. पाल, मुंग्या किंवा धूळ असेल तर मऊ ब्रशने हलकेच झाडावी. डिस्कला दोन तारा असतात, एक रुंद विजेची आणि दुसरी अरुंद नोंदींची. दोन्हींच्या तोंडाला काटकोनी खाच असते, त्यामुळे त्या एकाच बाजूने बसतात. जोर करू नये. तार बसत नसेल तर ती उलटी धरली आहे असे समजावे. स्क्रू काढून जुनी डिस्क सरळ बाहेर घ्यावी, नवी तेथे बसवावी, स्क्रू बेताने आवळावेत आणि तारा जोडाव्यात.

जुनी डिस्क अजून चालू असेल, तर नवी डिस्क यूएसबीच्या तारेने बाहेरून जोडून सगळा माल जसाच्या तसा नव्या डिस्कवर उतरवता येतो. ही अदलाबदल त्यानंतर करावी. उतरवताना कोणती जुनी आणि कोणती नवी हे दोनदा तपासावे. दिशा चुकली तर रिकामी कणगी भरलेल्या कणगीवर पालथी होते आणि सारे पुसले जाते.

जुनी डिस्क मेली असेल, तर नव्या डिस्कवर संगणकाची कार्यप्रणाली पहिल्यापासून घालावी लागते. तेव्हा जुनी डिस्क जोडलेली ठेवू नये. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे लक्षात घेऊन निवड करावी. जुन्या संगणकावर पुढची विंडोज चालत नसेल, तर सी-डॅकची ‘बॉस’ ही मोफत प्रणाली आहे. तिच्यात मराठीची सोय आहे.

जुनी डिस्क भंगारात देण्याआधी

नव्या डिस्कवर सर्व नोंदी उघडतात याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क नाव-तारीख लिहून कोरड्या डब्यात ठेवावी. नंतरही ती तशीच भंगारवाल्याला देऊ नये. फाइल पुसली तरी ती परत काढता येते, आणि आपल्या आधार कार्डाचे व बँकेच्या पासबुकाचे फोटो तिच्यात असतात. डिस्क गोणपाटात गुंडाळून, डोळे सांभाळून, हातोडीने आतल्या तबकड्या पार मोडाव्यात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या काचेच्याही असतात, म्हणून मुलांना दूर ठेवावे. एसएसडी असेल तर आतल्या काळ्या चकत्या फोडाव्यात.

बियाण्याची कणगी

आपल्या भागात पावसाळ्यात झाडे पडून तारा तुटतात आणि वीज खेळत राहते. संगणकाला यूपीएस आणि घराला चांगले अर्थिंग असावे. सुगी संपल्यावर कुटुंब वीटभट्टीवर किंवा वसई-भिवंडीकडे कामाला जाणार असेल, तर जाण्यापूर्वी नोंदींची नक्कल काढून ती जवळच्या नातेवाइकाकडे ठेवावी. बंद घरातल्या संगणकावर भरवसा ठेवू नये.

गटाच्या हिशेबाची नक्कल दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशीच घ्यावी आणि तसे इतिवृत्तात लिहावे. घरच्या कागदांसाठी वर्षातून दोन दिवस ठरवावेत, एक अक्षय तृतीयेचा आणि दुसरा वाघबारशीचा. एक नक्कल घरात आणि एक घराबाहेर असावी. महत्त्वाचा हिशेब कागदावरही छापून ठेवावा, कारण कागद वाचायला वीज लागत नाही.

हे काम घरातल्या शिकत्या मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवावे आणि बियाणे राखणाऱ्या आजीने त्यांच्यावर देखरेख ठेवावी. आजीला संगणक कळला नाही तरी चालेल. “पोरी, या महिन्याचे बियाणे बाजूला काढलेस का?” एवढे तिने विचारले, तरी पुष्कळ काम होईल.