सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणि पेणकरपाड्यातला परवाना

मिरा रोडच्या पेणकरपाड्यातल्या रहिवाशाने बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करायचा तो मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे. १ ऑक्टोबर २०२० पासून हे आयुक्तालय सुरू आहे. पण सेमी-ऑटोमॅटिक रायफल, म्हणजे दर वेळी चाप ओढल्यावर एक गोळी सुटून पुढची आपोआप भरली जाते ती, आयुक्तांच्या अखत्यारीत येत नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार ती निर्बंधित गटात मोडते आणि तिचा निर्णय दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालय घेते.

अमेरिकेत मात्र नियम राज्यागणिक बदलतात: कॅलिफोर्निया राज्य रायफलीची मूठ पिस्तुलासारखी आहे का, दस्ता दुमडतो का, हेही तपासते. शेजारच्या नेवाडात तीच रायफल चालते. आपल्याकडे शस्त्रे हा केंद्रसूचीतला विषय असल्याने महाराष्ट्राची अशी वेगळी यादी नाही. हे मला योग्यच वाटते, कारण राज्याच्या सीमेपलीकडे कायदा बदलला तर तो राबवायचा कसा?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान ७ आणि कमाल १४ वर्षे कैद होते. बंदुकीची नळी परवान्याशिवाय आखूड करणे हाही गुन्हाच आहे. वारशाने घरात जुनी बंदूक आली असेल आणि परवाना नसेल, तर ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा.