फॉल्समच्या तुरुंगातील टाळ्या

कॅलिफोर्नियातील फॉल्समच्या तुरुंगात १३ जानेवारी १९६८ रोजी सकाळी जे घडले, त्याची ध्वनिमुद्रिका आज कंट्री संगीतातील अभिजात कृती मानली जाते. तुरुंगाच्या भोजनगृहात सुमारे हजार कैदी बसले होते आणि वर बंदूकधारी पहारेकरी उभे होते. काळ्या पोशाखातील जॉनी कॅश याने ध्वनिक्षेपकासमोर येऊन अवघ्या काही शब्दांत आपले नाव सांगितले आणि सभागृह दणाणून गेले. हा क्षण ऐकताना अंगावर शहारा येतो. मात्र कॅश स्वतःचे नाव उच्चारेपर्यंत शांत राहा आणि मग दाद द्या, अशी सूचना कैद्यांना आधीच देण्यात आली होती. या ध्वनिमुद्रिकेत खरे किती आणि घडवलेले किती, हा प्रश्न असा पहिल्याच क्षणापासून सुरू होतो.

कंट्री हे प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण कष्टकऱ्यांचे गाणे. साध्या चाली, गिटारची साथ, आणि शेती, रेल्वे, दारू, विरह व पश्चात्ताप हे विषय. अर्कान्सास राज्यातील कापूसशेतीत वाढलेल्या कॅशला हे सारे घरचेच होते. हवाई दलाच्या नोकरीत पश्चिम जर्मनीत असताना त्याने फॉल्समच्या तुरुंगावरील एक चित्रपट पाहिला आणि त्यातून ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणे सुचले. त्यासाठी गॉर्डन जेन्किन्स या संगीतकाराच्या एका गाण्यातून त्याने चालीसह बरेच काही उचलले होते. पुढे त्याची भरपाई द्यावी लागली. १९५५ मध्ये मेम्फिस येथील सन रेकॉर्ड्सने हे गाणे मुद्रित केले आणि देशोदेशीच्या नव्हे, पण अमेरिकेतील तुरुंगांतून कॅशला पत्रे येऊ लागली. आपल्या मनातले हा माणूस बोलतो, असे कैद्यांना वाटे. कॅशने स्वतः कधी शिक्षा भोगलेली नव्हती. किरकोळ कारणांसाठी एखाददुसरी रात्र कोठडीत काढली, एवढेच. तरीही तो जुना कैदी आहे अशी समजूत आयुष्यभर त्याला चिकटून राहिली.

तुरुंगात गाणे त्याला नवे नव्हते. याआधी सॅन क्वेंटिनमध्ये त्याचे गाणे ऐकणाऱ्या कैद्यांत पुढे स्वतः थोर कंट्री गायक झालेला मर्ल हॅगार्ड होता. पण तेथे ध्वनिमुद्रण करण्याची कल्पना कोलंबिया कंपनीला पटत नव्हती. १९६७ च्या सुमारास गोळ्यांच्या व्यसनाने कॅशची कारकीर्द उतरणीला लागली होती. त्याच वर्षी बॉब डिलनचे निर्माते बॉब जॉन्स्टन यांच्याकडे त्याच्या ध्वनिमुद्रणाची सूत्रे आली आणि त्यांनी ही कल्पना उचलून धरली.

त्या दिवशी दोन मैफली झाल्या. मुद्रिकेतील बहुतेक गाणी सकाळच्या पहिल्या मैफलीतील आहेत. साथीला टेनेसी थ्री हा वाद्यवृंद, कार्ल पर्किन्स, स्टॅटलर ब्रदर्स आणि जून कार्टर. केवळ मरताना पाहायचे म्हणून रेनो शहरात एका माणसाला गोळी घातल्याची कबुली ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’मध्ये येते आणि मुद्रिकेत त्या ओळीनंतर एक आनंदाची आरोळी ऐकू येते. ती आरोळी त्या क्षणाची नाही. नंतर संकलनात जोडलेली आहे. पहारेकऱ्यांच्या नजरेखाली बसलेले कैदी अशा ओळींना दाद देताना जपून होते. माझ्या मते ही गोष्ट त्या आरोळीपेक्षा अधिक अस्वस्थ करणारी आहे. श्रोत्यांना हवा होता तो बेदरकार गुन्हेगार. प्रत्यक्षात समोर बसली होती भ्यालेली माणसे.

मुद्रिका मे १९६८ मध्ये बाजारात आली. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली आणि गोळी घालण्याच्या ओळीमुळे नभोवाणी केंद्रांनी गाणे लावणे थांबवले. कॅशचा विरोध असतानाही कंपनीने ती ओळ कापून नवी आवृत्ती काढली. गाणे आणि मुद्रिका दोन्ही कंट्रीच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली, गाण्याला ग्रॅमी मिळाले, आणि मुद्रिकेवर कॅशने स्वतः लिहिलेल्या मजकुरालाही! रॉक ऐकणारी तरुण पिढी कंट्रीकडे वळली. पुढच्याच वर्षी सॅन क्वेंटिनची मुद्रिका आली आणि दूरचित्रवाणीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला.

मैफलीच्या आदल्या रात्री एका धर्मोपदेशकाने कॅशला एक ध्वनिफीत ऐकवली होती. सशस्त्र दरोड्यासाठी शिक्षा भोगत असलेल्या ग्लेन शर्ली या फॉल्सममधील कैद्याने तुरुंगातील प्रार्थनामंदिरावर रचलेले ‘ग्रेस्टोन चॅपल’ हे गाणे त्यात होते. कॅशने ते रातोरात बसवले आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेत बसलेल्या शर्लीला कसलीही कल्पना नसताना गायले. यात जोडकाम नव्हते.

१९७१ मध्ये शर्ली सुटला तेव्हा कॅश त्याला न्यायला गेला होता. त्याने त्याला आपल्या ताफ्यात घेतले आणि १९७२ मध्ये दोघांनी वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे तुरुंगसुधारणेविषयी साक्ष दिली. मात्र बाहेरचे जग शर्लीला झेपले नाही. त्याच्या वागण्यातील हिंसकपणाची सहकाऱ्यांना भीती वाटू लागली आणि कॅशला त्याला दूर करावे लागले. १९७८ मध्ये शर्लीने आत्महत्या केली. त्याचे गाणे मुद्रिकेच्या अखेरीस आहे. ते संपल्यावरही भोजनगृहातील टाळ्या बराच वेळ ऐकू येत राहतात.