फोरट्रानमधील वाचनदोष : शून्य संकेताचा अर्थ

आयबीएममधील जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये सिद्ध केलेली फोरट्रान ही भाषा शास्त्रीय गणनासाठी आजही वापरात आहे. ती शिकविताना सूत्रांवर भर दिला जातो. माहिती वाचणारे ‘रीड’ विधान मात्र लवकर उरकले जाते. निकाल चुकण्याची सुरुवात पुष्कळदा तेथेच होते.

संख्येच्या जागी अक्षरे आली व काही तरतूद नसली, तर प्रोग्रॅम बंद पडतो. ‘रीड’मध्ये ‘आयओस्टॅट’ दिल्यास तो बंद न पडता वाचनाची स्थिती एका पूर्णांक चलात मिळते. शून्य म्हणजे वाचन पार पडले, धन संख्या म्हणजे दोष आणि ऋण संख्या म्हणजे फाइल किंवा नोंद संपली. फोरट्रान २००३ पासून ‘आयओएमएसजी’द्वारे दोषाचे वर्णनही मिळते. दोष आल्यावर त्या विधानातील चलांच्या किमतींवर विसंबू नये.

परंतु संकेत शून्य आला म्हणजे माहिती बरोबर आहे, असे नव्हे. समजा, प्रत्येक ओळीत हजेरी क्रमांक व तीन विषयांचे गुण आहेत आणि वाचन मुक्त स्वरूपात होत आहे. ‘१३, ४८, ७२, ५५’ या ओळीनंतर ‘१४, ५६, , ६१’ ही ओळ आली. दोन स्वल्पविरामांमधील रिकाम्या जागेमुळे चलाची जुनी किंमत तशीच राहते. म्हणजे चौदाव्या विद्यार्थ्याला तेराव्याचे ७२ गुण मिळतात, आणि संकेत शून्यच असतो!

दुसरा प्रकार अपुऱ्या ओळीचा. ‘१५, ४०, ३८’ एवढेच असेल, तर चौथी संख्या पुढील ओळीतून घेतली जाते. सोळावा हजेरी क्रमांक पंधराव्याचे गुण ठरतो, त्या ओळीचा उर्वरित भाग सुटतो आणि सोळावा विद्यार्थी यादीतून नाहीसा होतो.

यावर उपाय सोपा आहे. प्रथम संपूर्ण ओळ पुरेशा लांबीच्या अक्षरचलात वाचावी. मग सर्व चलांना उणे एक ही अशक्य किंमत देऊन त्या अक्षरचलातून संख्या वाचाव्यात. फोरट्रान ९० पासून हे मुक्त स्वरूपातही करता येते. आता ओळ अपुरी असल्यास ऋण संकेत मिळतो, गुण राहून गेले असल्यास उणे एक तसाच दिसतो. सदोष ओळीचा क्रमांक छापावा आणि शेवटी वाचलेल्या ओळी विद्यार्थिसंख्येशी ताडून पाहाव्यात.

प्रात्यक्षिकासाठी निर्दोष फाइलबरोबर मुद्दाम बिघडविलेली फाइलही विद्यार्थ्यांना द्यावी. प्रोग्रॅमची खरी परीक्षा तिच्यावरच होते.