प्रोबायोटिक : वेष्टनावरील वाण का पाहावे?

भिलाईच्या उन्हाळ्यात छत्तीसगढी घरी बासी आणि मराठी घरी ताक किंवा आंबील असते. या पदार्थांत आम्ल निर्माण करणारे जीवाणू वाढतात. स्वच्छ पाण्याने केलेले हे अन्न अवश्य घ्यावे; तथापि त्यास ‘प्रोबायोटिक’ म्हणता येत नाही. योग्य मात्रेत घेतल्यास आरोग्यास लाभ होतो असे सिद्ध झालेले जिवंत सूक्ष्मजीव, असा त्या संज्ञेचा अर्थ आहे. विरजणातील जीवाणू तर घरोघरी निराळे असतात.

त्यांची खरी ओळख जनुकांवरून पटते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली कित्येक जीवाणू सारखेच दिसतात. एका ठरावीक जनुकाच्या वाचनाने प्रजाती बहुधा कळते. वाण निश्चित करण्यासाठी संपूर्ण जनुकसंच वाचणे श्रेयस्कर. अशाच अभ्यासांवरून २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या वंशाची २५ वंशांत विभागणी झाली. त्यामुळे वेष्टनावर अपरिचित नाव दिसल्यास औषध बदलले असे समजू नये.

वाणाचे महत्त्व शेजारच्या ओडिशात दिसून आले. तेथील ग्रामीण भागातील ४,५५६ नवजात बालकांवरील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचे एक विशिष्ट वाण, त्यास पोषक शर्करेसह, सात दिवस दिले असता जंतुदोष वा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हा लाभ त्या वाणाचा आहे. त्याच प्रजातीच्या दुसऱ्या पुडीस तो लागू होत नाही. अभ्यासातील बालके दोन किलो वा अधिक वजनाची होती. यावरून घरच्या घरी नवजात बालकास प्रोबायोटिक देऊ नये.

जनुकतपासणीचा दुसरा हेतू सुरक्षितता हा आहे. प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण काही जीवाणूंत उपजत असतो व तो सहसा इतरांकडे जात नाही. परंतु तोच गुण स्थलांतरक्षम जनुकांवर असल्यास आतड्यातील रोगजंतूंना मिळू शकतो. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाणाची ओळख व प्रतिजैविक-रोधाची तपासणी अपेक्षित आहे.

खरेदी करताना वंश, प्रजाती व वाण ही तिन्ही नावे, जिवंत जीवाणूंची संख्या (दैनिक मात्रेत किमान १० कोटी) आणि साठवणुकीची सूचना पाहावी. गरम दुधात पुडी मिसळू नये. कर्करोगाचे उपचार घेणारे, प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण व अकाली जन्मलेली बालके यांना वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये. बालकास जुलाब झाल्यास प्रथम ओआरएस व वैद्यकीय सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. प्रोबायोटिक हा त्यांचा पर्याय नव्हे.