कुलूप दिव्यांना, इंजिन मोकळं

१७ मे १९९५. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात नॅशनल गार्डच्या आवारात एक माजी सैनिक शिरला आणि एका रणगाड्यात जाऊन बसला. तो सुरू होईना, म्हणून दुसऱ्यात बसला. तोही होईना. तिसऱ्या एम-६०चं इंजिन मात्र लागलं. पुढची वीसेक मिनिटं पन्नास टनांहून जड असलेलं ते धूड वस्तीतून मोटारी, विजेचे खांब आणि सिग्नल चिरडत फिरत राहिलं. शेवटी ते महामार्गाच्या दुभाजकावर अडकलं, आणि पोलिसांच्या गोळीनं चालक गेला. हे ऐकलं की पहिला प्रश्न हाच पडतो: त्याला किल्ली मिळाली कुठून?

किल्ली मिळवायचा प्रश्नच नव्हता, कारण रणगाड्याला किल्ली नसते. स्विच वर करायचा आणि बटण दाबायचं, एवढंच. एम-३५सारखे लष्करी ट्रक घ्या नाही तर हम्वी घ्या, इंजिन सुरू करायला तिथंही किल्ली लागत नाही. म्हणून किल्ली असलेला एखादा जुना लष्करी ट्रक घेणारा हौशी माणूस जेव्हा त्याचं किल्लीचं इग्निशन काढून जागी स्विच बसवतो, तेव्हा तो काही नवं करत नसतो. उलट तो फौजेच्या जुन्याच रिवाजावर परत येत असतो.

हा रिवाज कसा पडला ते जीपच्या डॅशबोर्डावर दिसतं. जिला आपण जीप म्हणतो, तिचं अमेरिकी सैन्याच्या कागदोपत्री नाव 'ट्रक, पाव टन, फोर बाय फोर' असं होतं, तेव्हा तिला लष्करी ट्रकांच्या पंगतीत बसवायला हरकत नाही. विलिस आणि फोर्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. त्यांतल्या सुरुवातीच्या गाड्यांना साध्या मोटारीसारखं किल्लीचं इग्निशन होतं. गंमत अशी की किल्ली सगळ्यांना एकाच क्रमांकाची, एच-७००. एका जीपची किल्ली दुसरीला सहज लागायची. मग कुलूप राखत तरी काय होतं? १९४२च्या सुमारास ती किल्ली गेली आणि तिथं फिरवायची छोटी मूठ आली. मूठ फिरवली की इग्निशन चालू, उलट फिरवली की बंद.

फौजेच्या बाजूनं पाहिलं तर हे समजायला सोपं आहे. घरची मोटार एकाची असते. चालवणारा ठरलेला, किल्लीही त्याच्याच खिशात. फौजेतली गाडी कोणाचीच नसते. सकाळी एक ड्रायव्हर, रात्री दुसरा, आणि गोळीबार सुरू झाला तर जो जवळ असेल तो. अशा वेळी किल्ली मेलेल्याच्या, जखमीच्या किंवा नुसत्याच विसराळू माणसाच्या खिशात राहिली, तर धडधाकट गाडी मागे सोडून पळायची पाळी येते. शत्रूनं गाडी पळवण्यापेक्षा आपल्याच माणसाला ती सुरू करता न येण्याची भीती मोठी.

कुलूप मात्र त्याच डॅशबोर्डावर होतं. फक्त जागा वेगळी.

जीपच्या दिव्यांचं बटण ओढलं की आधी फक्त ब्लॅकआउटचे मिणमिणते दिवे लागत. त्याच्या पुढे, मोठ्या दिव्यांपर्यंत ओढायचं तर बाजूची एक खिटी दाबावीच लागे. युद्धानंतरच्या एम-मालिकेतल्या ट्रकांत दिव्यांच्या स्विचला तीन दांड्या आल्या. त्यांतली एक निव्वळ कुलूप उघडायची. ती धरल्याशिवाय मुख्य दांडी मोठ्या दिव्यांवर सरकत नाही. अंधारात कोणाचा कोपर लागून हेडलाइट पेटला तर अख्खा काफिला शत्रूच्या तोफखान्याला दिसेल, याची ती धास्ती. दिवे कुलपात आणि इंजिन मोकळं: फौजेला कशाचं भय होतं, हे या दोन स्विचांइतकं उघड क्वचितच कुठे लिहिलं असेल.

एक गैरसमज इथंच काढायला हवा. किल्ली फिरवून सेल्फ मारणं ही मोटारीची मूळ रीत आहे असं आपण धरून चालतो. चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी हँडल मारावं लागे, आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडे. पण सेल्फ आल्यावरही पुढची तीन-साडेतीन दशकं किल्लीचं काम बहुतेक गाड्यांत इग्निशनला वीज देण्यापुरतंच राहिलं. सेल्फला वेगळं बटण नाही तर पायाखालची खुंटी असे. किल्ली पुढे फिरवून इंजिन लावायची सोय क्रायस्लरनं १९४९मध्ये आणली. युद्धातल्या जीपला तर सेल्फचं बटण अ‍ॅक्सिलरेटरशेजारी, पायानं दाबायचं. मूठ फिरवा, पायानं खुंटी दाबा, लागली गाडी.

महाराष्ट्रात या फौजी गाड्यांची जात नवखी नाही. युद्ध संपल्यावर 'डिस्पोजल'च्या लिलावांतून फौजी गाड्या सर्वसामान्यांच्या हाती आल्या, आणि मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलिसच्या जीपा जोडायला घेतल्या. त्या वंशातल्या डिझेल जीपेला पुढे किल्ली आली, पण इंजिन बंद करायला डॅशबोर्डातून स्टॉप केबल ओढावी लागायची. किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन आपलं धडधडतच. डिझेलला ठिणगी लागतच नाही, इंधन तोडलं तरच ते थांबतं. ज्यानं ती केबल ओढली आहे, त्याला किल्ली आणि इंजिन यांचं नातं किती पातळ असतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

उलटा प्रकार घडला १९८०च्या दशकात. खर्च वाचवायला अमेरिकी सैन्यानं जनरल मोटर्सकडून बाजारातल्याच शेव्हरोले गाड्या किरकोळ बदल करून घेतल्या. एम-१००८ हा पिकअप, एम-१००९ ही ब्लेझर, इंजिन ६.२ लिटरचं डिझेल. अशा सत्तर हजारांच्या आसपास गाड्या फौजेत आल्या, आणि त्यांच्याबरोबर बाजारातली किल्लीही आली. वायरिंग मात्र अर्धं नागरी, अर्धं लष्करी. दोन बॅटऱ्या, दोन अल्टरनेटर, सेल्फ २४ व्होल्टचा, आणि दिवे, वायपर वगैरे बाकीचा पसारा १२ व्होल्टवर. आज स्विच बसवायच्या खटपटी दिसतात त्या बऱ्याचशा याच गाड्यांवर.

कारण किल्ली जिथं दिसते तिथं स्विच नसतो. स्टिअरिंगच्या खांबात किल्लीचं नळकांडं फिरतं, ते आतला एक दातेरी तुकडा फिरवतं, तो दातेरी पट्टी सरकवतो, पट्टीला जोडलेली सळई खांबाबाहेरून खाली जाते आणि तिथं, पार बुडाशी, खरा स्विच बसलेला असतो. चाळीस वर्षांत यांतलं काहीही झिजतं. दाते तुटले की किल्ली गरगर फिरते आणि खाली काहीच हलत नाही. ते दुरुस्त करायचं तर स्टिअरिंगचं चाक उतरवून अख्खा खांब खोलावा लागतो. त्यापेक्षा डॅशबोर्डाला दोन भोकं पाडणं स्वस्त.

पण दोन भोकांवर भागत नाही. एकटी किल्ली चार-पाच कामं गुपचूप करत असते, आणि ती काढली की एकेक काम समोर येऊन उभं राहतं. पंपावर इंधन सोडणारा सोलेनॉइड आहे. त्याला वीज असेतो इंजिन चालतं, तेव्हा तो टॉगल स्विचवर घ्यायचा. अल्टरनेटरला जागं करणारी वीज 'जेन १' आणि 'जेन २' या डॅशबोर्डावरच्या दिव्यांतून जाते. ती वायर टॉगलवर घ्यायची राहिली तर इंजिन झकास चालतं, बॅटरी मात्र हळूहळू उतरते. मग नवाकोरा अल्टरनेटर आणून बसवूनही गुण येत नाही. सेल्फला आपोआप परतणारं बटण हवं, टॉगल नको, कारण टॉगल वर राहिला तर इंजिन लागल्यावरही सेल्फ फिरत राहील. शिवाय सेल्फचा जबर करंट बटणातून न्यायचा नाही, बटणानं फक्त रिले ओढायचा. न्यूट्रल सेफ्टी स्विचची वायर वगळायचा मोह होतो, कारण ती नसली की काम सोपं होतं. गिअरमध्ये असलेला दोन-अडीच टनांचा ट्रक बटण दाबताच पुढे झेपावला की तो मोह किती महागात पडतो ते कळतं.

सगळ्यात धोक्याची वस्तू विजेची नाहीच. ती स्टिअरिंग लॉकची खुंटी. किल्लीचं नळकांडं काढून खुंटी तशीच ठेवली, तर ती चालत्या गाडीत खाचेत बसायची शक्यता राहते. ती काढून टाकायची किंवा उघड्या जागी कायमची अडकवायची. हे आधी, वायरला हात नंतर.

मग हिटर प्लग. मुळात त्यांचं काम एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बघतं. ते रुसलं की बरेच मालक तिथंही बटणच लावतात: दाबून धरायचं, मनात आठ-दहा अंक मोजायचे आणि सोडायचं. थंडीत घाबरून वीस मोजणाऱ्याचे प्लग फुगतात, आणि फुगलेला प्लग बाहेर काढताना त्याचं टोक आतच तुटून राहतं. कार्डाला निदान मोजता तरी येत होतं.

किल्ली गेल्यानं आणखी एक सवय जाते, ती म्हणजे विसरणं लक्षात आणून देणारी. किल्ली खिशात नसली की माणूस मागे वळून बघतो, वर राहिलेल्या टॉगलकडे कोण बघतो? डिझेलमध्ये नुसती बॅटरी उतरते. पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये इंजिन थांबलेलं, पॉइंट मिटलेले आणि मूठ चालूवर राहिली, तर कॉइल तापत बसते. एम-३५ ट्रकात तरी बरं, तिथं स्विच चालू केला की ब्रेकच्या टाकीत पुरेशी हवा भरेपर्यंत बझर असा किंचाळतो की दुर्लक्ष करणं अशक्य. म्हणून जाणकार टॉगलवर लाल झाकण बसवतात. टॉगल वर असला की झाकण उघडं राहतं, आणि ते दारातूनही दिसतं.

राहिली चोरीची गोष्ट. फौजेचा तोडगा साधा होता: स्टिअरिंगच्या चाकातून साखळी ओवायची आणि तिला भक्कम कुलूप घालायचं. हौशी मालक त्यात बॅटरी तोडणाऱ्या एका दडवलेल्या स्विचची भर घालतात. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांबरोबर दोन किल्ल्या मिळत, चौकोनी डोक्याची इग्निशनला आणि गोल डोक्याची दाराला. चौकोनी आता खिळ्याला टांगून ठेवली तरी चालते. गोल मात्र अजून रोज लागते.