किर्लोस्कर मंडळींचे नाट्यभांडार

बेळगावच्या शाळेत मास्तरकी केलेले आणि पुढे पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरांच्या कचेरीत चाकरी करणारे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा विष्णुदास भाव्यांच्या काळापासून सूत्रधाराच्या कंठी असलेले गायन पात्रांच्या मुखी आले आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला गेला. अण्णासाहेबांनी काढलेल्या नाटक मंडळीची योग्यता मात्र मला या आरंभापेक्षाही तिने पुढे तीस-पस्तीस वर्षे जुनी नाटके जिवंत ठेवली, यात अधिक दिसते.

त्या संग्रहाचा मुकुटमणी 1882 चे ‘सौभद्र’. कथा महाभारतातील, पण बलरामाने बहिणीचा विवाह दुर्योधनाशी ठरवावा, कृष्णाने सर्व जाणूनही अजाणतेपणाचा आव आणावा, घटोत्कचाने निजलेल्या सुभद्रेला उचलून रानात न्यावे आणि यतिवेषातील अर्जुनाची सेवा त्याच सुभद्रेने त्याला न ओळखता करावी, या साऱ्या घटना अण्णासाहेबांनी अशा घरगुती मराठीत मांडल्या आहेत की द्वारकेचा राजवाडा प्रेक्षकाला आपल्याच भाऊबंदांचा वाडा वाटतो. साकी, दिंडी, लावणी, कानडी पदे अशा परिचित चालींवर रचलेली त्यातील गाणी संवाद अडवीत नाहीत, उलट तो पुढे नेतात. माझ्या मते हीच त्याच्या चिरतारुण्याची खरी किल्ली होय.

1885 मध्ये अण्णासाहेब निवर्तले आणि ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. मंडळी मोडली नाही, याचे मोठे श्रेय त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांना द्यावे लागेल. नटाने शब्द नीट उच्चारावा, पदाचा अर्थ मुद्रेवर उमटवावा, हा त्यांच्या तालमीचा कटाक्ष असे. त्यांच्याच लेखणीतून बाणभट्टाच्या कादंबरीवर आधारलेले ‘शापसंभ्रम’ आले, आणि 1899 मध्ये जरठकुमारीविवाहाच्या दुष्ट चालीवर प्रहार करणारे ‘शारदा’ आले. पुराणांतून आणि संस्कृत काव्यांतून विषय घेणाऱ्या मंडळीने समाजाचे चालते दुःख रंगभूमीवर आणले, हे धैर्य मला फार मोलाचे वाटते. मध्यंतरी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनया’ने पारशी-गुजराती धर्तीच्या चाली आणल्या, त्याही मंडळीने पचविल्या.

नट बदलत गेले. बडोद्याच्या पोलिस कचेरीतील कारकुनी सोडून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा महाराष्ट्राने डोक्यावर घेतली; ते 1901 मध्ये गेले, तेव्हा या नाटकांचे आता काय होणार अशी चिंता रसिकांना वाटणे स्वाभाविक होते. चारच वर्षांनी मंडळीत दाखल झालेल्या नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, शकुंतलेची भूमिका उचलली आणि जुन्या पदांना नवा कंठ लाभला. 1911 मध्ये खाडिलकरांचे ‘मानापमान’ गोविंदराव टेंब्यांच्या चालींसह अवतरले, तरी त्याच्या झळाळीत ‘सौभद्र’ फिके पडले नाही. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा त्यांनीही नव्या बिऱ्हाडी खाडिलकरांच्या नाटकांबरोबर ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’ आणि ‘शारदा’ यांचे खेळ चालू ठेवले.